वहिवाटीच्या वाटा : पीक डिस्ट्रिक्टमध्ये पाच दिवस पायी

मँचेस्टर कापडाचं शहर, शेफील्ड पोलादाचं. या दोघांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. १९५१ साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. 'पीक' असं नाव असूनही इथे सुळके नाहीत. सर्वांत उंच किंडर स्काउट ६३६ मीटरचं आहे आणि तेही पठार. उंची मोजायला इथे येऊ नये, वाटा वाचायला यावं. नकाशावरच्या प्रत्येक पायवाटेमागे कुणाची तरी गरज असते. कुठे प्रेत न्यायचं असे, कुठे गिरणी गाठायची असे, कुठे शिसं उतरवायचं असे.

आपल्याकडे शेतातून जाणाऱ्या पाणंदीवरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. त्यामुळे 'वहिवाट' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडचं सगळं पायी फिरणं याच एका शब्दावर उभं आहे. एखादी वाट लोकांनी २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि कुणाची परवानगी न घेता वापरली, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा धरून चालतो. अशा वाटांची अधिकृत नकाशात नोंद असते आणि शेतकऱ्याला ती नांगरून किंवा कुलूप घालून बंद करता येत नाही. त्याबदल्यात चालणाऱ्यानेही वाट सोडायची नसते. पिवळा बाण असेल तर वाट फक्त पायी चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा.

नकाशे दोन लागतात, दोन्ही ऑर्डनन्स सर्व्हेचे १:२५,००० प्रमाणाचे: उत्तरेसाठी ओएल १, दक्षिणेसाठी ओएल २४. हिरव्या तुटक रेषा म्हणजे वहिवाटीच्या वाटा. फिकट पिवळी छटा असलेल्या माळावर वाट सोडूनही हिंडता येतं. काळ्या तुटक रेषेच्या भरवशावर मात्र राहू नका. तिथे वाट दिसते एवढाच तिचा अर्थ, हक्क असेलच असं नाही.

मेअखेर ते मध्य जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. सह्याद्रीच्या पावसात भिजायची सवय असली तरी इथे ती कामाची नाही. तिकडचा पाऊस कोमट असतो, इथला गार, आणि बरोबर वारा. जीन्स भिजली की अंगातली ऊब काढून घेते, वाळायचं नाव घेत नाही. म्हणून झटपट वाळणारी पँट, जलरोधक जाकीट, घोट्यापर्यंतचे बूट आणि जूनमध्येही एक लोकरी टोपी घ्यावी. आदल्या संध्याकाळीच पोहोचून पहिले तीन मुक्काम कॅसलटनला आणि पुढचे दोन बेकवेलला ठेवले की सामान फक्त एकदाच हलवावं लागतं.

पहिला दिवस : ईडेल ते कॅसलटन, सुमारे ९ किमी

मँचेस्टर-शेफील्ड दरम्यानची होप व्हॅली रेल्वे १८९४ मध्ये सुरू झाली. तिच्या ईडेल स्टेशनवर उतरून दक्षिणेकडच्या धारेवर हॉलिन्स क्रॉसची खिंड गाठायची. चढ तासाभराचा, सरळ कुरणांतून. ईडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तोवर गावातली प्रेतं याच खिंडीतून कॅसलटनला पुरायला नेत. पुढे १७९५ मध्ये ईडेलला सूतगिरणी निघाली आणि वाटेची दिशा उलटली. कॅसलटनच्या बायका रोज हीच खिंड चढून पलीकडे कामाला जाऊ लागल्या, हिवाळ्यात अंधारात आणि बर्फातसुद्धा.

खिंडीतून उजवीकडे वळलं की धारेवरची वाट फरसबंद आहे. त्या फरश्यांकडे नीट बघून ठेवा, उद्या त्यांची गोष्ट येणार आहे. धारेच्या टोकाला मॅम टॉर (५१७ मीटर). माथ्याभोवती कांस्य-लोहयुगीन किल्ल्याचे मातीचे तट अजून ओळखू येतात. डोंगराचा पूर्वेकडचा अर्धा भाग मात्र ढासळलेला आहे. वर वालुकाश्म, खाली ठिसूळ शेल. पावसाचं पाणी वरच्या खडकातून झिरपून शेलमध्ये मुरतं, शेल मऊ पडतो आणि वरचा भार घेऊन सरकतो. हजारो वर्षं हे चालू आहे.

या सरकत्या उतारावर १८१९ मध्ये रस्ता काढला गेला. दर ओल्या हिवाळ्यानंतर तो खचायचा आणि दर वेळी वरून नवा थर दिला जायचा. १९७९ मध्ये तो कायमचा बंद झाला. आता त्यावरून पायी उतरता येतं. तडे गेलेल्या जागी डांबराचे एकावर एक चढवलेले थर उघडे पडले आहेत, मधली पांढरी रेषा अचानक माणूसभर खाली जाते आणि पुढे तिरकी होऊन पुन्हा सुरू होते. दुरुस्तीने रस्त्याचंच वजन वाढत गेलं आणि तेच उताराला खाली ओढत राहिलं. या कडांवर उभं राहू नये, खालून भराव निघून गेलेला असू शकतो.

रस्ता संपतो तिथे ओडिन ही शिशाची जुनी खाण आहे. गवतात लोखंडी पट्ट्यांचं एक वर्तुळ आणि त्यावर दगडी चाक पडलेलं दिसेल. ही १८२३ ची खनिज भरडायची घाणी. चाकाला घोडा जुंपून गोल फिरवायचा आणि खाली खनिज चिरडायचं. आपल्याकडची चुन्याची घाणी पाहिलेल्याला तिचं काम क्षणात कळतं.

कॅसलटनच्या वर पेव्हरिल किल्ला आहे, त्याचा चौकोनी बुरुज दुसऱ्या हेन्रीने ११७६ मध्ये बांधला. खालच्या पीक कॅव्हर्नच्या प्रचंड तोंडाशी काही शतकं दोर वळणाऱ्यांची वस्ती होती. दोर वळायला लांब, कोरडी, वारा न लागणारी जागा हवी, आणि ती इथे आयती होती. शेजारच्या विनॅट्स पास या चुनखडीच्या घळीतून आता गाड्या जातात. तिथे पदपथ नाही, रस्त्याच्या कडेच्या गवतावरूनच चाला.

दुसरा दिवस : किंडर स्काउट, १४ किमी, धबधब्यासह १८

कॅसलटनजवळच्या होप स्टेशनहून एकच स्टेशन मागे ईडेल. तिथून पश्चिमेला अप्पर बूथ आणि ली फार्म करत जेकब्ज लॅडरच्या पायऱ्या गाठायच्या. ४३१ किलोमीटरच्या पेनाइन वेची ही सुरुवात. ती वाट थेट स्कॉटलंडमध्ये संपते. पायऱ्या चढल्यावर उत्तरेकडे वळून ईडेल रॉक्सवरून किंडर लोचा त्रिकोणमितीचा खांब गाठावा.

इथून पश्चिमेला हेफील्ड दिसतं. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी तिथल्या एका खाणीत सुमारे ४०० माणसं जमली. बहुतेक मँचेस्टरचे तरुण कामगार, आठवड्यातून एकच सुट्टी असलेले. नेता बेनी रॉथमन, वय २०. हा सगळा माळ जमीनदारांनी ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. वर्षातले मोजके दिवस बंदुका चालत, पण चालणाऱ्यांना बारा महिने बंदी. जमाव विल्यम क्लफच्या घळीतून वर चढला, रखवालदारांशी झटापट झाली. दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून खटला दंगलीच्या कलमांखाली भरला. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिने. तेव्हाच्या प्रस्थापित भटक्या संघटनांनीही या कृतीला विरोध केला होता, सनदशीर वाटाघाटी बिघडतील म्हणून. राष्ट्रीय उद्यानांचा आणि वाटांच्या नोंदणीचा कायदा १९४९ मध्ये आला, माळावर मुक्त हिंडण्याचा २००० मध्ये. २००२ मध्ये डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. पिवळी छटा नकाशावर अशी आली.

किंडर लोवरून उत्तरेला दोन किलोमीटरवर किंडर डाउनफॉल आहे, ३० मीटरचा धबधबा. पश्चिमेचा जोराचा वारा असला की पाणी उलटं वर उडतं. नाणेघाट किंवा सांदणजवळचे उलटे धबधबे पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. उन्हाळ्यात मात्र नुसता ओला खडक असतो, तेव्हा ही चार किलोमीटरची जोड गाळली तरी चालेल.

आता पायाखाली पाहा. हे काळं, स्पंजासारखं जे काही आहे ते पीट, न कुजता साठत गेलेल्या शेवाळाचा थर. काही ठिकाणी तो पुरुषभराहून खोल आहे. त्याचा कर्ता स्फॅग्नम नावाचं शेवाळ, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरणारं. मँचेस्टर आणि भोवतालच्या गिरण्यांच्या धुराने शे-दीडशे वर्षं इथे आम्लयुक्त पाऊस पाडला आणि हे शेवाळ मारून टाकलं. मग मेंढ्या आणि वणवे आले. उघडं पडलेलं पीट दर पावसात वाहून जाऊ लागलं आणि त्यात खोल चर पडले. त्यावर हजारो बुटांनी वाट रुंद करत नेली, कारण चिखल टाळायला प्रत्येक जण जरा बाजूने जातो.

उपाय निघाला तोही गिरण्यांमधूनच. कापडधंदा बसल्यावर ओस पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीच्या फरश्या काढून हेलिकॉप्टरने माळावर आणल्या आणि पीटवर तरंगत्या मांडल्या. कालची वाट तशीच. वाकून पाहिलं तर काही फरश्यांत बोटभर गोल भोकं दिसतात, मागांचे पाय बोल्टने पक्के केल्याच्या खुणा. भोकांत पाणी साचून आता हिरवं शेवाळ धरलेलं असतं. फरशीवरूनच चाला, बाजूला ठेवलेलं प्रत्येक पाऊल नव्याने लावलेल्या स्फॅग्नमवर पडतं.

परतताना दक्षिण कडा धरावी: नो स्टूल, पिम चेअर, मग वूलपॅक्स हे मेंढ्यांच्या कळपासारखे वाऱ्याने घासलेले खडक. लोक हमखास चुकतात ते इथेच. धुक्यात वूलपॅक्समधून वाट फुटते, माणूस नकळत डावीकडे पठाराच्या पोटात शिरतो आणि दोन मीटर खोल चरांत सापडतो, जिथून क्षितिजच दिसत नाही. नियम साधा: उतार सतत उजव्या हाताला हवा. होकायंत्र खिशात असावं, मोबाइलची बॅटरी गारठ्यात लवकर उतरते. शेवटी ग्राइंड्सब्रुकच्या घळीतून उतरण्याची वाट देखणी आहे, पण ती ओढ्याच्या पात्रातल्या धोंड्यांमधून जाते. पाऊस झाला असेल तर शेजारच्या ग्राइंड्सलो नोलवरून उतरा.

तिसरा दिवस : ग्राइंडलफर्ड ते ईम ते स्टोनी मिडलटन, सुमारे ९ किमी

आजच्या वाटेवरच्या Eyam या गावाच्या नावाचा उच्चार 'ईम' असा आहे. बसवाल्याला 'एयाम' सांगितलं तर कळणार नाही.

ग्राइंडलफर्ड स्टेशनवरून डर्वेंट नदी ओलांडून सर विल्यम हिलच्या जुन्या रस्त्याने वर चढायचं. माथ्यावरून ईमकडे उतरताना रस्त्याकडेला दगडी चौकटीतला मॉम्पेसनचा झरा लागतो. १६६६ च्या उन्हाळ्यात गाव प्लेगमुळे बंद असताना बाहेरची माणसं इथे धान्य-औषधं ठेवत, गावकरी पैसे पाण्यात टाकून माल उचलत.

प्लेग आला तो सप्टेंबर १६६५ मध्ये, लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या पेटीतून. कापड दमट होतं, शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकार्स याने ते शेकोटीपाशी वाळत घातलं असं सांगतात. पिसवांना ऊब मिळाली. ७ सप्टेंबरला तो गेला. हिवाळ्यात साथ मंदावली, उन्हाळ्यात पुन्हा उसळली. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन तरुण आणि गावाला नवखा होता. लोकांचा विश्वास होता तो पदावरून काढलेल्या आधीच्या धर्मगुरूवर, थॉमस स्टॅन्लीवर. धर्मपंथाचा वाद बाजूला ठेवून दोघे एकत्र उभे राहिले, तेव्हाच गावाने ऐकलं. तीन गोष्टी ठरल्या. चर्चमध्ये जमायचं नाही, प्रार्थना मोकळ्या कक्लेट डेल्फ घळीत, कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवून. मृतांना घरच्यांनीच आपल्या शेतात किंवा परसात पुरायचं. आणि गावाची शीव कुणी ओलांडायची नाही. चॅट्सवर्थहून डेव्हनशायरच्या अर्लने रसद पुरवली. १४ महिन्यांत २६० माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरिन ऑगस्टमध्ये वारली, तिचं थडगं चर्चच्या आवारात आहे.

गावाच्या पूर्वेला थोड्या अंतरावर कुरणात दगडी कुंपणाच्या आत रायली थडगी आहेत. एलिझाबेथ हॅन्कॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे स्वतःच्या हातांनी पुरली. त्या कुंपणात सहज वेळ घालवला तरी बोलणं थांबतं.

प्लेग म्हटलं की मराठी वाचकाला १८९७ चं पुणं आठवतं. तिथे सक्तीची घरझडती झाली, गोऱ्या शिपायांनी माणसं घराबाहेर ओढली. इथे बंधन गावाने स्वतः घालून घेतलं. तरी तुलना जपून करावी. ईममधले काही सधन लोक शीव बंद होण्याआधीच निघून गेले होते आणि मॉम्पेसननेही आपली मुलं आधी बाहेर पाठवली होती. मागे उरले त्यांनी जे केलं ते त्यामुळे लहान होत नाही, उलट कुणी केलं ते नेमकं कळतं.

स्टोनी मिडलटनकडे उतरणाऱ्या पायवाटेवर शिवेचा दगड आहे, सहा खळग्यांचा. खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत. खळग्यांच्या कडा हात फिरून फिरून गुळगुळीत झाल्या आहेत. इथून खालच्या रस्त्याला लागून बेकवेलची बस. रविवारी बस फारच कमी असतात, आदल्या दिवशी वेळ पाहून ठेवा.

चौथा दिवस : बेकवेल ते मिलर्स डेल, सुमारे १० किमी

आजची वाट सपाट. मँचेस्टर-लंडन रेल्वेचा १८६३ चा हा टप्पा १९६८ मध्ये बंद झाला आणि रूळ काढून त्याची वाट केली. बोगदे २०११ पासून खुले आहेत. त्यातले दिवे संध्याकाळी बंद होतात, तेव्हा उशीर होणार असेल तर विजेरी हवी. सायकली मागून येतात, डाव्या अंगाने चाला.

हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडताच पायाखाली मॉन्सल डेलचा पूल येतो. हा बांधला तेव्हा जॉन रस्किनने दरीचा सत्यानाश झाला म्हणून संताप केला होता. आज लोक तोच पूल बघायला येतात.

क्रेसब्रुकच्या बोगद्यात मात्र शिरू नये. त्याआधी खाली उतरून नदीकाठची वाट घ्यावी. क्रेसब्रुक गिरणीच्या बांधाने अडवलेलं पाणी, वर लोंबणारे चुनखडीचे कडे आणि पाण्यात उभ्या पाणकोंबड्या. ही वाट लिटन मिलला जाते. पावसाळी आठवड्यानंतर ती पाण्याखाली जाते, तेव्हाच बोगदा धरा. लिटन मिलमध्ये अनाथ मुलांना शिकाऊ म्हणून लंडनहून आणून राबवलं जाई. त्यांतल्या रॉबर्ट ब्लिंकोने पुढे आपल्या मारहाणीची आणि उपासमारीची हकिकत सांगितली आणि ती बालमजुरीविरुद्धच्या चळवळीच्या हाती लागली. दरी आता इतकी शांत आहे की हे माहीत नसलेला माणूस नुसतं सौंदर्य बघून पुढे जाईल. तसं जाऊ नये.

वरच्या पठारावरच्या सरळ रेषेतल्या दगडी भिंती पाहा. गायरानं वाटून खाजगी केली गेली त्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या त्या आहेत. चुना-माती काही नाही. पायाशी रुंद आणि वर निमुळत्या दोन पाळी, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून दोन्ही पाळींना बांधणारा आरपार लांब दगड आणि माथ्यावर उभे लावलेले दगड. वजन आतल्या बाजूला झुकतं म्हणून भिंत उभी राहते. माथ्यावरचा एक दगड हलला की पाऊस आणि हिम मधल्या भरीत शिरतात आणि दोन-चार हिवाळ्यांत खिंडार पडतं. म्हणून भिंतीवर कधीही चढू नये, वाटेवर भिंतीत ठेवलेली दोन उभ्या दगडांमधली अरुंद फट शोधावी. त्यातून माणूस जातो, मेंढी अडते. वासरू असलेली गाय वाटेत दिसली तर लांबून वळसा घ्यावा, कुत्रा बरोबर असेल तर विशेष.

मिलर्स डेलला जुने चुन्याचे भट्टे आहेत. परतायला बस. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होऊन संध्याकाळीच उघडतं, म्हणून जेवण बरोबर असलेलं बरं. बेकवेल पुडिंग मात्र बेकवेलमध्येच खावं: पापुद्र्याच्या खोलगटात जॅम, वर अंडी-लोणी-बदामाचं मिश्रण. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पाचवा दिवस : क्रॉमफर्ड, सुमारे ८ किमी

ज्या गिरण्यांच्या फरश्यांवरून आपण चाललो त्यांचं मूळ इथे आहे. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणारी सूतगिरणी इथे उभारली. त्याच्या यंत्रात वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्या पेळू ताणत आणि मग पीळ बसे. तोवर इंग्लंडमध्ये ताण्याला पुरेल एवढं मजबूत सुती सूत निघत नव्हतं, ताणा लिननचा (जवसाच्या धाग्याचा) आणि बाणा सुती असे. शुद्ध सुती छापील कापड यायचं ते भारतातून, आणि १७२१ पासून ते वापरायलाच तिथे बंदी होती. आर्कराइटच्या खटपटीने १७७४ मध्ये देशी सुती कापडाला मोकळीक मिळाली. पुढे मुंबईत ताडदेवला पहिली गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. दिवसपाळी, रात्रपाळी आणि कामगारांच्या चाळी यांचा नमुना त्याआधी ८५ वर्षं या आवारात घडला होता.

आवार बघताना रस्त्याकडच्या भिंतीत खालच्या बाजूला खिडक्या नाहीत हे टिपा. यंत्रं फोडणाऱ्या जमावांची धास्ती होती. मग नॉर्थ स्ट्रीटची १७७६ ची घरं पाहा. वरच्या मजल्यावरच्या लांब खिडक्या मागासाठी. बायका-मुलं गिरणीत, पुरुष घरी विणकामाला.

तिथून कालव्याच्या काठाने दोन किलोमीटरवर हाय पीक जंक्शन. तिथे वाफेच्या इंजिनाने तारेला बांधून रेल्वेचे डबे डोंगरावर ओढले जात. चढ साधारण आठास एक, आज गुडघ्यांची परीक्षा तेवढीच. १८८८ मध्ये सुटलेले डबे कालवा आणि रेल्वेवरून उडून गेले, त्यानंतर वाटेत डबे अडवायचा खड्डा खणला. एका मोडक्या डब्याचे अवशेष अजून त्यात आहेत. माथ्याजवळ ब्लॅक रॉक्स, तिथून क्रॉमफर्डला उतार.

गावात बाजारचौकाच्या मागे 'बेअर पिट' नावाचा दगडी खड्डा शोधून काढा. आर्कराइटने १७८५ मध्ये तो बांधला, शिशाच्या खाणीतून निघणाऱ्या भुयारी पाटाचं पाणी अडवायला. ते पाणी जमिनीतून येत असल्यामुळे हिवाळ्यातही गोठत नसे, म्हणूनच गिरणीला ही जागा पसंत पडली. पण खाणवाल्यांनी पुढे त्याहून खोल दुसरा पाट काढला आणि क्रॉमफर्डचं पाणी ओसरू लागलं. गिरणीमालक १८३९ मध्ये कोर्टात गेले, इतकी वर्षं पाणी वापरतोय, आमची वहिवाट झाली म्हणून. कोर्टाने ती मानली नाही: पाट माणसाने खाणीच्या सोयीसाठी काढलेला, सोय बदलली की पाणीही जाणार. काही वर्षांत क्रॉमफर्डचं सूत आटत गेलं.